मजकुराच्या बाई

'सदरहू' हा शब्द कानावर आला की बाई चष्मा काढून टेबलावर ठेवत. चष्म्याशिवाय त्यांना हातभर अंतरावरचं माणूसही धड दिसत नसे. समोरच्याचं बोलणं त्या ऐकत, पण त्याच्याकडे पाहायचं बंद करत. नव्या कारकुनांना हे ठाऊक नसायचं. ते 'उपरोक्त विषयास अनुसरून' वगैरे बोलत राहायचे आणि बाई त्यांच्या डोक्यावरच्या भिंतीकडे बघत शांत बसायच्या. शेवटी विचारायच्या, "हेच तुमच्या आईला सांगायचं असतं, तर कसं सांगितलं असतंत?"

कारकून लाजत लाजत साधं सरळ एक वाक्य बोलायचा. बाई चष्मा लावायच्या. "हं. हे लिहा."

अलिबागच्या त्या सरकारी कचेरीत मी लागले तेव्हा नुकती मॅट्रिक झाले होते. आमचं गाव पेणकडचं, घरची भातशेती. वडिलांनी वर्षभराची मुभा दिली होती. चांगलं स्थळ आलं की नोकरी बंद, असं ठरलेलं. बाईंनी लिहिलेल्या मजकुराच्या स्वच्छ प्रती काढणं हे माझं काम. पहिल्या दिवशी मी त्यांच्या टेबलापाशी गेले आणि नजर खाली घातली, कारण बाईंच्या चेहऱ्यावर देवीचे दाट व्रण होते. कपाळ, गाल, नाकाचा शेंडा, कुठे म्हणून जागा सुटली नव्हती. कुठे बघावं तेच मला कळेना.

"बघून घे एकदा नीट," बाई म्हणाल्या. "म्हणजे मग कामाला लागता येईल."

मी बघितलं आणि कामाला लागले.

त्यांचा हुद्दा लांबलचक होता आणि तो कचेरीतही कुणाला पाठ नव्हता. सरकारला जिल्ह्यातल्या लोकांना जे काही सांगायचं असेल, भाताची नवी लावणी, विहिरीत टाकायचं औषध, मुलींना शाळेत घाला, ते सगळं बाई लिहीत. पत्रकं, भिंतीवर लावायचे कागद, जीपवरच्या कर्ण्यातून बोलायचं बोलणं, सगळं. लोक त्यांना 'मजकुराच्या बाई' म्हणत.

लिहायच्या उभ्यानं. खिडकीच्या उंच कट्ट्यावर कागद ठेवून. बसून लिहिलं की वाक्य ऐसपैस पसरतं, असं त्यांचं म्हणणं. डबा मात्र साडेदहालाच उघडायच्या, सगळी कचेरी बघत असताना. "भूक लागली की मला विशेषणं सुचायला लागतात," असं त्यांनी एकदा खुद्द साहेबांना सांगितलं होतं.

आणि रोज सकाळी त्या मासळी बाजारात जायच्या. बाई पक्क्या शाकाहारी. वासानं त्यांचं डोकं दुखायचं, पदर नाकाला लावून जायच्या, पण जायच्या. मासळी साफ करत बसलेल्या एखाद्या कोळणीसमोर उभं राहून आदल्या दिवशी लिहिलेला मजकूर मोठ्यानं वाचायच्या. कोळणीचा कोयता चालू राहिला तर मजकूर पास. तिनं हात थांबवून मान वर केली आणि "म्हंजे काय गो बाय?" म्हटलं, की तो कागद तिथेच चार तुकडे होऊन टोपलीत जायचा.

"घ्यायचा काय न्हाय, आन् रोज येऊन वाचतंय!" कोळणी आपसात हसायच्या. पण एखाद्या दिवशी बाई गेल्या नाहीत तर विचारायच्याही, "आज काय नवा लिवला न्हाय?"

गावात बोललं जायचं की त्या चोरून मासे खातात. बाईंच्या कानावर ते आलं तेव्हा त्या म्हणाल्या, "खात असते तर बाजारात जाणं किती सोपं झालं असतं."

स्वातंत्र्याच्या आधी बाई मुंबईत एका जाहिरात कंपनीत होत्या. साबण, चहा, केसांचं तेल यांच्या मराठी जाहिराती लिहीत. सत्तेचाळीस साली कंपनीचे गोरे मालक गाशा गुंडाळून विलायतेला गेले. "देश स्वतंत्र झाला आणि मी बेकार झाले," असं त्या मजेत सांगायच्या. मग काही वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, औषधांच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या लिहिल्या, आणि पुढे ही सरकारी जागा निघाली तेव्हा अर्ज केला. मुलाखतीत त्यांना विचारलं होतं, साबण विकण्याचा अनुभव इथे काय कामाचा? बाई म्हणाल्या, "लोकांना समजलं नाही तर साबण खपत नसे आणि मालक दुसऱ्या दिवशी जाब विचारायचा. तुमच्याकडे लोकांना समजलं नाही तर जाब कोण विचारतं?" एवढं बोलूनही त्यांना घेतलं, याचं मला आजही नवल वाटतं.

त्यांच्या यजमानांची श्रीवर्धनला सुपारीची वाडी होती. त्यांना सगळे भाऊ म्हणत. भाऊ तिकडे, बाई इकडे भाड्याच्या खोलीत. एका शनिवाराआड भाऊ एसटीनं, खाड्या ओलांडत, नारळ आणि सुपारीची पिशवी घेऊन यायचे आणि आल्याबरोबर स्वयंपाकाला लागायचे. बाईंना स्वयंपाक येत नसे असं नाही, पण भाऊंना तो खाववत नसे. नवराबायकोनं असं वेगळं राहणं तेव्हा कुणाला पटायचं नाही. मी एकदा भाऊंनाच विचारलं. ते नारळ खोवत होते. म्हणाले, "मी वाडी सोडत नाही, ही नोकरी सोडत नाही. दोघंही हट्टी, म्हणून तर जमलं. एक जण समजूतदार असता तर त्याचे हाल कुत्र्यानंही खाल्ले नसते."

बाई चुकायच्या तेव्हाही मोठ्यानं चुकायच्या. शेर जाऊन किलो आला तेव्हाची गोष्ट. बाजारात सगळाच गोंधळ. बाईंनी पत्रक काढलं, त्यात लिहिलं की किलो म्हणजे शेरापेक्षा थोडं जास्त. मासळी बाजारात कोयता थांबला नाही, पत्रक पास झालं, जिल्हाभर गेलं. मग बोर्ली पंचतनहून तक्रार आली. तिथल्या एका गुळाच्या व्यापाऱ्यानं 'थोडं जास्त'चा आधार घेऊन भाव चांगलाच चढवला होता आणि कुणी बोललं की सरकारी पत्रकच दाखवत होता.

बाईंनी पत्रक हातात घेतलं आणि त्या दोन शब्दांखाली पेन्सिलीनं रेघ ओढली. "थोडं म्हणजे किती, हे मी लिहिलंच नाही," म्हणाल्या. "हा प्रश्न मलाच पडायला हवा होता."

दुसरं पत्रक निघालं. त्याचा मथळा होता, 'आधीच्या पत्रकात आमची चूक झाली'. साहेब खुर्चीतून उठलेच. "बाई, सरकार चूक झाली असं कधी छापतं का?"

"म्हणूनच छापू या. लोक नक्की वाचतील."

साहेबांनी मथळा बदलायला लावला. बाईंनी बदलला. पण बाजाराच्या दिवशी त्या मला घेऊन बोर्लीला गेल्या, त्या व्यापाऱ्याच्याच दुकानासमोर भाताच्या पोत्यावर चढल्या आणि हातातलं जुनं पत्रक उंच धरून ओरडल्या, "हे मी लिहिलं, आणि हे चुकीचं लिहिलं!" मग एका ताटलीत शेरभर गूळ आणि दुसरीत किलोभर गूळ ठेवून लोकांना दाखवला. फरक बघून माणसं हसायलाच लागली. मूठभरसुद्धा नव्हता. व्यापारी बिचारा स्वतःच पुढे येऊन म्हणाला, "बाई, खाली उतरा. पोतं फाटेल."

पण बाईंची खरी ओळख मला पटली ती देवीच्या टोचणीच्या वेळी.

सरकारनं त्या सुमाराला गावोगाव देवीची लस टोचायची मोहीम काढली होती. खाडीच्या तोंडाशी एक कोळीवाडा होता. तिथे लावायची नोटीस साहेबांनी बाईंना न दाखवता स्वतःच लिहिली, कारण बाई तेव्हा श्रीवर्धनला होत्या आणि घाई होती. त्या नोटिशीत सगळ्यांनी मुलाबाळांसह हजर राहावं असं होतं आणि शेवटची ओळ होती, 'गैरहजर राहणाऱ्यांविरुद्ध कायदेशीर इलाज करण्यात येईल.'

ठरलेल्या दिवशी टोचणारा गेला तेव्हा कोळीवाड्यात म्हातारी माणसं आणि कुत्री एवढीच होती. बायकांनी पोरांना होड्यांत घालून खाडीपलीकडे नेलं होतं. एकदा गेला, परत गेला, तोच प्रकार. तेवढ्यात जवळच्याच एका वाडीत एका मुलाला देवी आल्याची खबर आली. साहेब घाबरले. त्यांनी पोलीस पाठवायचं ठरवलं.

बाई परत आल्या होत्या. त्यांनी नोटीस वाचली, चष्मा काढला, परत लावला.

"मला आठवडा द्या," त्या म्हणाल्या.

"आठवड्यात तुम्ही काय करणार?"

"आधी ऐकणार. मग लिहिणार."

साहेब वाईट माणूस नव्हते. पोलीस घेऊन पोरांच्या मागे धावणं त्यांनाही नको होतं. "आठवडा," ते म्हणाले. "पुढे मात्र मी थांबणार नाही."

जीप रस्ता संपेपर्यंत गेली. पुढे वाळूतून चालत. किनाऱ्यावर बांबूच्या मांडवांना बोंबील टांगलेले, खाली बायका सुकट निवडत बसलेल्या. आम्हाला बघून एकीनंही मान वर केली नाही. पोरं मात्र क्षणात दिसेनाशी झाली. बाई सरळ जाऊन त्या बायकांच्यात वाळूवर बसल्या. मी उभीच. वास असह्य होता आणि बाईंनी त्या दिवशी पदर नाकाला लावला नव्हता, म्हणून मलाही लावता येईना.

बऱ्याच वेळानं एक म्हातारी बोलली. तिला सगळ्या जनाबाय म्हणत होत्या. उन्हानं काळवंडलेली, काटक, आवाज पुरुषासारखा.

"त्यो कागुद तूच लिवला काय?"

"मी नाही. पण माझ्या कचेरीनं लिहिला."

"त्यात लिवलंय, इलाज करनार. माझ्या नातवाला काय झालंय इलाज करायला? धडधाकट पोर हाय. अलिबागला न्हेऊन पोरांना काय करनार तुमी?"

मला तेव्हा कुठे उलगडा झाला. कचेरीत 'कायदेशीर इलाज' म्हणजे खटला. कोळीवाड्यात इलाज म्हणजे इलाज. न येणाऱ्यांच्या पोरांना धरून नेणार आणि त्यांच्यावर कसले तरी उपचार करणार, असा त्यांनी सरळ अर्थ घेतला होता. मला हसू आलं. बाईंना आलं नाही.

"तो शब्द चुकीचा होता," त्या म्हणाल्या. "कुणाला कुठे नेणार नाहीत. दंडावर टोचायचं, इथेच, तुमच्यासमोर."

"आन् टोचल्यावर काय व्हतंय? खरा सांग. मागं एक आलता, बोलला काय व्हनार न्हाय. पोरां तापली, हात सुजले, आमी घाबरलो. त्यो परत त्वांड दाखवायला आला न्हाय."

बाईंनी सगळं सांगितलं. फोड येतो, ताप येतो, पोर दूध पीत नाही, रडतं, खपली धरते, पडते. काही म्हणता काही लपवलं नाही. जनाबाय सुकट निवडता निवडता ऐकत होती. मध्येच तिचे हात थांबले. ती बाईंच्या चेहऱ्याकडे बघत होती.

"तुझे आयेनी टोचून घेतला नव्हता?"

"नाही."

"का गो?"

"देवी टोचणारा आला होता. दारात उभा राहून काहीतरी ओरडला, बरोबर शिपाई होता. आईला काही कळलं नाही, ती घाबरली. मला आणि माझ्या धाकट्या भावाला घेऊन माळ्यावर लपून बसली."

"आन् भाव?"

"तो गेला."

मी बाईंच्या बरोबर कितीतरी दिवस काम करत होते, त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं. जनाबायनं हातातली सुपली खाली ठेवली.

"मग ह्ये समदा लिव ना कागदावर," ती म्हणाली. "ताप येतंय त्ये पन लिव."

बाईंनी कचेरीत येऊन उभ्यानंच मजकूर लिहिला. मी त्याची स्वच्छ प्रत काढली, म्हणून तो मला अजून जवळजवळ तोंडपाठ आहे. 'टोचल्यावर दुखतं. काही दिवसांनी फोड येतो. ताप येतो. मूल रडतं. घाबरू नका. खपली आपोआप पडेल, काढू नका. राख, शेण काही लावू नका. एवढं सोसलं की देवी येत नाहीत. टोचणारा हात बघायला परत येईल. आला नाही तर कचेरीत येऊन मला विचारा. मला लहानपणी टोचलं नव्हतं. माझा चेहरा येऊन पाहा.' आणि खाली बाईंचं नाव.

साहेबांनी वाचलं आणि कागद टेबलावर ठेवला. "ताप येईल असं आपणच छापायचं? मग येईल कोण?"

"साहेब, ताप येणारच आहे. आपण आधी सांगितला तर तो नुसता ताप. नाही सांगितला तर फसवणूक."

"आणि हे नाव? सरकारी कागदावर सहायकाचं नाव कधी पाहिलंयत तुम्ही?"

"विचारायला यायचं तर कुणाकडे यायचं, हे लोकांना कळायला नको?"

"मी याला मंजुरी देणार नाही."

"मग देऊ नका. हा माझ्या जबाबदारीवर जाईल. आठवडा तुम्ही मला दिलाय."

साहेबांनी कागद बाईंच्या बाजूला सरकवला. मग म्हणाले, "काही वेडंवाकडं झालं तर तुमची नोकरी मला वाचवता येणार नाही, बाई."

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. बाहेर आल्यावर त्यांनी मला आणखी प्रती काढायला बसवलं.

होड्या समुद्रात जाणार नाहीत असा दिवस जनाबायनंच सांगितला होता, म्हणजे पुरुषही घरात असतील. त्या दिवशी देवळासमोरच्या पारावर टोचणारा आपली पेटी उघडून बसला. कागद आदल्या दिवशीच दारोदार वाचून दाखवला होता. माणसं जमली, पण लांब उभी राहिली. कुणी पुढे येईना. शेवटी जनाबाय नातवाचा हात धरून पुढे आली, आणि पारापाशी थांबली.

"आदी तुमी टोचून घ्या."

बाईंनी लगेच पदर बाजूला करून दंड पुढे केला.

"तुला काय व्हनार?" जनाबाय म्हणाली. "तुला देवी भेटून गेली. ह्या पोरीला टोच."

सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. मला लहानपणी कधीतरी टोचलं होतं, पण सुईची भीती मला तेव्हाही होती आणि आजही आहे. बाई माझ्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाल्या, "तू नाही म्हणालीस तरी चालेल. मी दुसरं काहीतरी बघेन." हे त्या मनापासून म्हणत होत्या, ते मला कळलं. म्हणूनच मी पुढे झाले.

टोचून झालं. जनाबायनं नातवाला परत घरी धाडलं. "आता हिचा हात कसा व्हतो, त्ये बघू. कागदात लिवल्यासारखा झाला, तर टोचू."

म्हणजे आम्ही तिथेच राहायचं. आणखी काही दिवस पोलीस पाठवू नका, असा निरोप बाईंनी ड्रायव्हरकडून साहेबांना दिला, तो त्यांनी मानला, आणि आम्ही जनाबायच्या घरी मुक्काम ठोकला. रोज सकाळी बायका यायच्या, माझी बाही वर करून दंड बघायच्या आणि आपसात बोलायच्या. लाल झाला, बोलल्याप्रमाणं. फोड आला, बोलल्याप्रमाणं. मग मला चांगला ताप भरला. अंग ठणकायला लागलं, मी आईची आठवण काढून रडले, आणि बाई माझ्या उशाशी बसून ओल्या फडक्यानं माझं कपाळ पुसत राहिल्या. "कागदात रडण्याचं फक्त मुलांसाठी लिहिलं होतं मी," त्या म्हणाल्या. "चुकलंच." तापातही मला हसू आलं.

त्याच शनिवारी भाऊ अलिबागला आले, खोलीला कुलूप बघून कचेरीत गेले, तिथून कळल्यावर थेट कोळीवाड्यात हजर. खांद्यावर पिशवी. जनाबायनं त्यांना वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. "घरधनी काय तुझा?" भाऊंनी विचारलं, "चूल कुठे आहे?" आणि अंगणात तीन दगड मांडून माझ्यासाठी तांदळाची पेज रटरटत ठेवली. पेज करणारा पुरुष बघायला निम्मा कोळीवाडा जमला. मला वाटतं, माझ्या दंडाइतकीच त्या पेजेनंही लोकांची भीड मोडली. बायका भाऊंना सुपारीच्या झाडाबद्दल विचारायला लागल्या, भाऊ त्यांना सुकट कशी टिकते ते विचारायला लागले.

ताप उतरला. फोड सुकायला लागला. टोचणारा हात बघायला आला, कागदात लिहिल्याप्रमाणं. त्या दिवशी जनाबायनं नातवाला पारावर बसवलं आणि स्वतः त्याचा दंड धरला. पोरगं किंचाळलं. मागे रांग लागली. साऱ्यांनी टोचून घेतलं असं नाही, काही घरं शेवटपर्यंत आली नाहीत, आणि बाईंनी त्यांच्या दारात जाऊन पुन्हा पुन्हा सांगूनही ऐकलं नाही. त्या शेजारच्या वाडीतलं मूल मात्र वाचलं नाही. पण कोळीवाड्यात त्या साली देवी शिरली नाही. साथ ओसरल्याची बातमी आली तेव्हा बाई खिडकीच्या कट्ट्यापाशी उभ्या होत्या. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली, आणि मी त्यांना कचेरीत पहिल्यांदाच खुर्चीत नुसतं बसलेलं पाहिलं.

साहेबांकडे वरून विचारणा झाली, म्हणून त्यांना बाईंचा खुलासा मागणं भाग पडलं. सरकारी कागदावर वैयक्तिक नाव आणि चेहऱ्याचा उल्लेख का केला? बाईंनी तो खुलासा असा लिहिला की 'सदरहू', 'उपरोक्त', 'येणेप्रमाणे', 'सबब' यांतला एकही शब्द त्यात सुटला नव्हता. वाक्य सुरू व्हायचं ते पान उलटलं तरी संपायचं नाही. साहेबांनी तो वाचला, परत वाचला, आणि म्हणाले, "काही समजत नाही."

"मग वरही समजणार नाही," बाई म्हणाल्या.

साहेबांनी पहिल्यांदाच त्यांच्यासमोर मोकळेपणी हसून तो कागद वर पाठवला. पुढे कुणी काही विचारलं नाही. पुढच्या गावांना जो मजकूर गेला, त्यात ताप होता, फोड होता, आणि खाली तो लिहिणारीचं नावही होतं.

माझं वर्ष भरलं तेव्हा वडील न्यायला आले. बाई माझ्या बाजूनं दोन शब्द बोलतील अशी मला आशा होती. त्यांनी मात्र वडिलांना पाणी दिलं आणि मला म्हणाल्या, "हा मजकूर तुझा आहे. तूच सांग." मी अडखळत, रडत, पण सांगितलं. कोळीवाड्यातलं सगळं सांगितलं. वडील माझ्या दंडावरच्या वणाकडे बघत राहिले आणि एकटेच एसटीनं परत गेले. लग्न माझं पुढे झालं, नोकरी ठेवूनच झालं.

साठच्या दशकाच्या मध्यावर बाई निवृत्त झाल्या. श्रीवर्धनला जाऊन सुपाऱ्या मोजत बसतील असं सगळ्यांना वाटलं होतं. पहिला पावसाळा त्यांनी तसा काढलाही. पावसाळा संपल्यावर एक दिवस त्या माझ्या दारात उभ्या. बरोबर भाऊ, आणि भाऊंच्या हातात रंगवलेली पाटी. पाटीवर लिहिलं होतं, 'मजकूर लिहून मिळेल. समजेल असा.'

"एसटी स्टँडसमोर खोली घेतलीय," बाई म्हणाल्या. "दुकानदार, संस्था, पंचायती, लग्नपत्रिका, जे येईल ते. फुकट नाही लिहायचं, फुकटचं कुणी वाचत नाही. मला एक भागीदार पाहिजे. सहायक नको, भागीदार."

मी भाऊंकडे बघितलं. "आणि वाडी?"

"वाडीला गडी ठेवलाय," भाऊ म्हणाले. "म्हातारपणी एकानं तरी समजूतदार व्हायला हवं."

सरकारी नोकरी सोडायची म्हणजे माझ्या सासरी आणि माहेरी दोन्हीकडे वादळ होतं. ते झालंही. माझे यजमान म्हणाले, "करून बघ. नाही जमलं तर नाही जमलं." मी राजीनामा दिला तेव्हा नव्या साहेबांनी विचारलं, "पेन्शन सोडून त्या म्हातारीच्या नादाला लागताय?" मी हो म्हटलं.

पाटी लागली तरी सुरुवातीला कुणी फिरकलं नाही. बाई खिडकीशी उभ्या, मी टेबलाशी, भाऊ मागे चहा करत. लोक पाटी वाचायचे, हसायचे, पुढे जायचे. मग एका सकाळी एक माणूस घाम पुसत आत आला. रेवसहून मुंबईला लाँच सोडणाऱ्या एका कंपनीचा तो कारकून होता.

"वेळापत्रक छापायचंय," तो म्हणाला. "प्रवासी रोज भांडतात हो. गेल्या महिन्यात तर एकानं कॉलर धरली. काहीतरी असं लिहा की लोक शांत राहतील."

"बसा," बाई म्हणाल्या. "लाँच उशिरा सुटते तेव्हा तुम्ही लोकांना काय सांगता?"

"काही सांगत नाही. सांगणार काय? भरती-ओहोटी, वारा, कधी इंजिन. आपल्या हातात थोडंच असतं ते?"

"पण हे जे तुम्ही आत्ता मला सांगितलंत, ते त्यांना कधी सांगितलंय?"

आतून भाऊ चहाचे कप घेऊन आले. बाई खिडकीच्या कट्ट्यापासून बाजूला झाल्या, कोरा कागद तिथे नीट सरळ करून ठेवला, आणि पेन्सिल माझ्या हातात दिली.

"चल, ऊठ," त्या म्हणाल्या. "पहिला मजकूर तू लिही."